सूर्यास्ताआधीची गोळी

माझं डोकं दुखतं हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही. गोळ्या किती खाल्ल्या हे सांगायला मात्र वाटते. तरी सांगते. माझ्यासारख्या बायका घरोघरी आहेत, कपाळाला ओढणी करकचून बांधून भाकऱ्या थापणाऱ्या, आणि त्यांच्या पर्समध्ये गोळ्यांची पाकिटं असतात हे मला माहीत आहे. त्यांच्यातल्या एखादीनं जरी हे वाचून पाकीट परत पर्समध्ये ठेवलं, तरी पुरे.

मी पद्मा. वय शेहेचाळीस. कसबा बावड्यात राहते आणि ब्लाउज शिवते. माहेर शिरोळ तालुक्यातलं, जैन शेतकऱ्याचं घर. मला अर्धशिशी आहे. नेहमी डावी बाजू. आधी साडीच्या काठासारखी जर डोळ्यांपुढे लुकलुकायला लागते, मग डोळ्याच्या मागे कुणीतरी अंगठा दाबून धरतं, मग उलटी. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की मळीचा वास गल्लीभर पसरतो. लोकांना त्याची सवय होते, माझं डोकं त्यानेच धरतं. लोक म्हणतात, "डोकंच दुखतंय न्हवं? चहा घे की." या वाक्यावर मी आजवर किती जणींशी भांडले असेन, विचारू नका.

नियम

आमच्या घरी सूर्यास्तानंतर कुणी जेवत नाही. लहानपणी त्याचं काही वाटायचं नाही, कारण गल्लीतली सगळीच घरं दिवस बुडायच्या आत जेवून मोकळी व्हायची. मी पंधरा वर्षांची असताना गावात जैन मुनी महाराजांचा चातुर्मास होता. अव्वा, म्हणजे माझी आई, मला बसदीत, आमच्या देवळात, घेऊन गेली आणि म्हणाली, "आज नियम घे." म्हणजे घरची रीत म्हणून नाही, स्वतः कबूल करून, जन्मभरासाठी.

मी हात जोडून, मान खाली घालून बसले. सूर्यास्तानंतर काही खाणार-पिणार नाही असं म्हटलं. मला आठवतं ते एवढंच. बाकी सगळं लक्ष बाहेर होतं, कारण बाहेर माझ्या नव्या कोऱ्या चपला होत्या आणि मागच्याच आठवड्यात मैत्रिणीच्या गेल्या होत्या. नमस्कार झाला तशी मी उठले आणि पळत बाहेर आले. चपला जागेवर होत्या. अव्वा बऱ्याच वेळाने बाहेर आली.

त्यानंतर एकतीस वर्षं मी नियम मोडला नाही. दिवस मावळला की पाण्याचा घोटसुद्धा नाही. लग्नाआधी डोकं दुखलं तर अव्वा सुंठ उगाळून कपाळाला लेप लावायची. "लेपाला सूर्य लागत न्हाय," म्हणायची. तेव्हा दुखणं वर्षातून चार-पाच वेळाच यायचं आणि लेपावर भागायचं. नियमाचा मला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर थोडा माजही होता.

त्या दिवशी दवाखान्यात

दोन वर्षांपूर्वी दुखणं आठवड्याला यायला लागलं. माझ्या नवऱ्याने, अजितने, एकदा मला मशीनवर डोकं टेकून रडताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी काही न विचारता त्याने मला गाडीवर बसवलं आणि कोल्हापुरातल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं.

बाकावर बसून मी मनातल्या मनात घराची वाटणी करून टाकली होती. डोक्यात गाठ आहे, आपण आता जाणार, लेकीचं शिक्षण अर्धं राहणार. डोक्याचा फोटो निघाला, तो स्वच्छ होता. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "अर्धशिशी आहे. जिवाला धोका नाही, पण जीव खाणारी आहे." मी तिथेच हुंदके देऊन रडले. गाठ नाही म्हणून रडले का हे जन्मभर राहणार म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यांनी दोन गोळ्या दिल्या. एक रोजची, दुखणं कमी वेळा यावं म्हणून. दुसरी फक्त दुखायला लागल्यावर. "दुसरी आठवड्यातून दोन दिवसांच्या वर घ्यायची नाही. किती वेळा घेतली ते वहीत लिहायचं. आणि दुखायला लागलं की लगेच घ्या, उशीर केलात तर तिचा उपयोग होत नाही."

यातलं शेवटचं वाक्य मी घट्ट धरलं. पहिलं माझ्या कानावर पडलं आणि तिथूनच परत गेलं. नियमाचं मी सांगितलंच नाही. डॉक्टरबाईंना काय कळणार यातलं, उलट चार शब्द सुनावतील, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं.

पहिल्यांदा ती दुसरी गोळी घेतली, तेव्हा तासाभरात दुखणं उतरलं. मी उठून दोन ब्लाउजना हुक लावले. अजितला म्हटलं, "देवच आलाय ह्या पाकिटात." असं बोलायला नको होतं.

आगाऊ

मग आला लग्नाचा हंगाम. एका संध्याकाळी डोळ्यांपुढे ती जर लुकलुकायला लागली तेव्हा दिवस मावळून वीस मिनिटं झाली होती. गोळी पर्समध्ये, पर्स हाताच्या अंतरावर, आणि मी ती घेऊ शकत नव्हते. पहाट होईपर्यंत मी काय भोगलं ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी एका नवरीचा ब्लाउज द्यायचा होता. तो तसाच राहिला आणि तिची आई दारात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलून गेली.

त्या संध्याकाळी मी भिंतीवरच्या कॅलेंडरात सूर्यास्ताची वेळ पाहिली आणि त्याच्या पंधरा मिनिटं आधी एक गोळी घेतली. डोकं दुखत नव्हतं. रात्री दुखलं तर घेता येणार नाही, म्हणून आधीच घेतली. आभाळ कोरडं असताना छत्री उघडून बाहेर पडावं तसा माझा तो शहाणपणा होता, पण मला तो तेव्हा फार मोठा वाटला. रात्र चांगली गेली. दुसऱ्या दिवशीही घेतली. तिसऱ्या दिवशी कॅलेंडर न बघताच वेळ कळायला लागली.

अजितने एकदा विचारलं, "दुखालंय काय?"

"न्हाय."

"मग गोळी कशाला?"

"दुखू नये म्हणून."

"डॉक्टरनी सांगितलंय तसं?"

"मी सांगतोय की," मी म्हटलं. आमच्याकडे बायका चिडल्या की अशाच, पुरुषासारख्या बोलतात. तो गप्प बसला. बिचारा नेहमी गप्प बसतो, आणि यावेळी तरी त्याने बसायला नको होतं.

औषधाच्या दुकानात जुनी चिठ्ठी चालायची. नंतर नंतर तर चिठ्ठी दाखवायचीही गरज पडेना, मी दिसले की पाकीट काउंटरवर यायचं. एकदा ब्लाउज टाकायला आलेल्या एका बाईंचं डोकं ठणकत होतं, तर मी माझ्यातली एक गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. मोठ्या मनाने. त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे हे मला ठाऊक होतं. ही गोळी रक्तदाब असलेल्याला, हृदयाचं दुखणं असलेल्याला भोवू शकते, हे ठाऊक नव्हतं. नशिबाने त्या बाईंनी ती घेतलीच नाही.

दोन-अडीच महिन्यांत असं झालं, की रोज सकाळी उठतानाच डोकं जड. मग सकाळचीही एक गोळी. दुपारी उतार, संध्याकाळी आगाऊची. वहीची पानं कोरी. मी सगळ्यांना सांगत होते, "माझं दुखणं वाढलंय." गोळी वाढलीय असं एकदाही म्हटलं नाही.

अव्वा

दिवाळीनंतर माझ्या धाकट्या भावाचा, बाळूचा फोन आला. अव्वाच्या पोटात गाठ होती आणि ती पसरली होती. ऑपरेशन होणार नव्हतं. डॉक्टरांनी महिने सांगितले होते, वर्ष नाही.

मी ठरवलं की दर शनिवारी-रविवारी शिरोळला जायचं. अव्वाला न्हाऊ घालायचं, तिच्याजवळ बसायचं, बाळूच्या बायकोला, सुजाताला, दोन दिवस जरा विसावा द्यायचा. आयुष्यात मला एवढंच करायचं होतं. माझ्या दोन्ही बाळंतपणांत, पहिलं मूल गेलं तेव्हाही, अव्वा माझ्या उशाशी होती. आता माझी पाळी होती.

आणि मी काय केलं? बसमधून उतरेपर्यंत उलट्या करत जायची आणि माहेरच्या आतल्या खोलीत पडदे ओढून झोपायची. बाहेर उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जायचे, प्रत्येक गाण्यागणिक मला रडू यायचं. अव्वा, जिला स्वतःला धड उठवत नव्हतं, ती भिंत धरत धरत यायची आणि माझं कपाळ दाबत बसायची. तिच्या हाताची हाडं मला कपाळावर लागायची. मी "राहू दे" म्हणायची, पण हात बाजूला करत नव्हते. बरं वाटायचं ना.

अशा एका रविवारी बाळूचा तोल सुटला. तो दारात उभा राहून म्हणाला, "अक्का, तू अव्वाला बघाय येतीस का अव्वानं तुला बघायचं?"

"बाळ्या, गप की," अव्वा म्हणाली.

"का गप? रातभर कण्हत असतीया ही, आनि सकाळी हिचं डोस्कं दाबत बसायचं! तेवढं डोस्कं घिऊन घरात बस की अक्का. नगो येऊस."

तो खरं बोलत होता. अव्वाला दुखणं कमी व्हायच्या गोळ्या दिवसातून चार वेळा द्यायच्या होत्या. ती तीनच घ्यायची. चौथी रात्रीची होती. बाळूने "महाराजांना विचारून येतो, मोकळीक देतील," म्हणून पाहिलं होतं. ती म्हणाली होती, "एवढी वर्सं पाळलं, आता शेवटाला कशाला?"

वही कोरी

अजित मला परत मॅडमकडे घेऊन गेला. त्यांनी वही मागितली. मी कोरी वही पुढे केली. अजितने मग एक कापडी पिशवी टेबलावर उपडी केली. मशीनच्या खणातून त्याने माझी रिकामी पाकिटं गोळा करून ठेवली होती. टेबलभर ती चंदेरी पाकिटं पसरली. मी पदर तोंडाला लावला.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, "पद्माताई, आता ह्या गोळ्याच तुमचं डोकं दुखवतायत. रोज घेतली की मेंदूला तिची सवय होते. ती उतरली की दुखतं, दुखलं की तुम्ही परत घेता. पण रोज संध्याकाळी का घेत होतात?"

तेव्हा पहिल्यांदा मी नियमाचं सांगितलं. त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. मग म्हणाल्या, "हे मला पहिल्याच दिवशी सांगायचं होतं. मी तुमचा नियम मोडायला लावला नसता. नाकात मारायचं औषध असतं, इंजेक्शन असतं, रोजच्या गोळीची वेळ बदलता येते. मला माहीतच नसेल तर मी काय करू?"

उपाय एकच होता. ती गोळी पूर्ण बंद. रोजची मात्र चालू ठेवायची, ती मनाने सोडायची नाही. दहा-पंधरा दिवस दुखणं वाढणार, मग उतरणार.

"माझी आई शेवटाला आलीय," मी म्हटलं. "तिचं होऊ दे. मग बंद करते."

मॅडमनी विचारलं, "आत्ता त्या गोळ्या खाऊन तुम्ही आईजवळ बसू शकताय का?"

मी गोळी बंद करायला तयार झाले. मी हिशेब असा केला, की अव्वा पंधरा दिवस थांबेल. थांबायलाच हवी होती.

पंधरा दिवस

पहिले चार दिवस दवाखान्यात होते. सकाळी सहाला ताप-रक्तदाब, सातला झाडू, नऊला मॅडम, आणि मधे सगळा वेळ ट्यूबलाइट. त्या ट्यूबलाइटचा आवाजसुद्धा ऐकू येतो, हे मला तिथे कळलं. सलाईनमधून औषध द्यायचे, तरी दुसऱ्या दिवशी मी अजितचा हात धरून म्हटलं, "एकच गोळी दे. कुणाला सांगणार नाही." तो बाहेर निघून गेला. मला वाटलं चिडला. नंतर कळलं, जिन्यात बसून रडत होता.

वॉर्डात एक मावशी होत्या, रजिया नावाच्या. त्यांनी माझ्या डोक्यावरची ट्यूबलाइट कुणालाही न विचारता काढून टाकली आणि नर्सला सांगितलं, "गेलीया ती." मला म्हणाल्या, "डोळं मिटा की गप. आज दुखणार, उद्या दुखणार, परवा कट्टाळून जातंय बघा ते." ओल्या फडक्याची घडी माझ्या डोळ्यांवर ठेवून त्या आपल्या कामाला लागायच्या. त्या चार दिवसांत माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार त्यांनी केले आणि त्यांना ते आठवतही नसेल.

घरी आल्यावर अजितने मशीनवर चादर टाकली आणि गिऱ्हाइकांना स्वतः निरोप दिले. अकराव्या दिवशी पहाटे कारखान्याचा भोंगा झाला आणि मी जागी झाले. पडल्या पडल्या मला कळेना, की काहीतरी चुकतंय ते काय. भोंगा झाला होता आणि डोकं दुखत नव्हतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

मी अजितला उठवलं. "शिरोळला सोड मला," म्हटलं.

सूट

अव्वा ओळखू येत नव्हती. अकरा दिवसांत तिची नुसती घडी झाली होती. पण डोळे तेच होते. मला बघून पहिला प्रश्न तिचाच, "डोस्कं?"

"न्हाय दुखत, अव्वा. खरंच."

"बरं झालं बाई," ती म्हणाली.

बाळू माझ्याशी बोलला नाही, पण माझ्यासाठी त्याने अव्वाच्या खाटेशेजारी खुर्ची आणून ठेवली. त्या दिवशी मी तिला न्हाऊ घातलं, केस विंचरले, पेज भरवली. संध्याकाळी सूर्यास्ताआधी सुजाताने तिला तिसरी गोळी दिली आणि डबी कोनाड्यात ठेवली. ती डबी बघून मला राहवलं नाही. मी अव्वाला सगळं सांगून टाकलं. आगाऊची गोळी, कॅलेंडर, पाकिटांची पिशवी, दवाखाना, सगळं. नियमापायी असं झालं, असं काहीतरी म्हटलं असेन.

अव्वा ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "अगं, तुझ्या नियमात औषधाला सूट हाय की."

मला वाटलं तिला भ्रम झाला. मी म्हटलं, "कुठली सूट?"

"मी मागून घेतलती. तू चपला बघाय पळालीस न्हवं का भायेर. मी म्हाराजांस्नी म्हटलं, पोरीचं डोस्कं दुखतंय, औषधाला आनि ते गिळाय घोटभर पाण्याला तेवढी मोकळीक द्या. त्यांनी हात वर केला. म्हनाले, दिली."

एकतीस वर्षं.

"मला कधी सांगितलं न्हाईस?"

"मला वाटलं तुला ठावं हाय. त्या दिशी घराकडं येताना सांगितलं की मी." ती थांबून थांबून बोलत होती. "तू तवा चपलांचंच बोलालतीस. आनि रोज गोळ्या खातीस ते तू तरी मला कुठं सांगितलंस?"

मी तिचं पांघरूण नीट केलं. मग मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "आणि तुझ्या नियमात?"

"माझ्यात न्हाय सूट."

"का? माझ्यासाठी मागितलीस, तुझ्यासाठी का न्हाय मागितलीस?"

"तवा तुझीच काळजी हुती," अव्वा म्हणाली. "माझं मागायचं ऱ्हाऊनच गेलं."

दिवस मावळला. सुजाताने दिवा लावला. प्रवासाचा शीण असेल नाहीतर एवढं सगळं ऐकल्याचा, तासाभरात माझ्या डोळ्यांपुढे जर लुकलुकायला लागली. मी तोंड फिरवून बसले, पण अव्वाने ओळखलं. माझं डोकं तिने शेहेचाळीस वर्षं ओळखलं होतं.

मॅडमनी अडीअडचणीला म्हणून एक वेगळी गोळी दिली होती, आठवड्यातून एकदाच घ्यायची. अव्वाने बाळूला पाणी आणायला लावलं. "घे," म्हणाली, "माझ्या म्होरं घे."

मी घेतली. दिवे लागल्यावर पाण्याचा घोट घशाखाली उतरताना मला कसंतरीच झालं. तासाभरात डोकं थांबलं. अव्वाचं पोट तेव्हा दुखायला लागलं होतं, आणि तिची चौथी गोळी कोनाड्यातल्या डबीत उजाडण्याची वाट बघत होती. मी तिचा हात धरून बसले. बाळू महिनोन्‌महिने रोज काय ऐकत होता, ते मला त्या रात्री कळलं.

पट्टी

ती कण्हत असताना मला तिचंच वाक्य आठवलं. लेपाला सूर्य लागत नाही. आणि मॅडमचं, की मला माहीतच नसेल तर मी काय करू.

सकाळी दवाखाना उघडल्या उघडल्या मी अव्वाच्या डॉक्टरांना फोन लावला. "तोंडावाटे नाही, असं काही दुखण्यावर आहे का? आई रात्री काही घेत नाही, नियम आहे."

"रात्रीची गोळी त्या घेतच नाहीत?" डॉक्टर म्हणाले. "मला कुणी बोललं नाही."

होतं. कातडीवर चिकटवायची पट्टी असते, औषध तिच्यातून हळूहळू अंगात उतरतं. डॉक्टरांनी तपासून कागद दिला आणि कोल्हापूरला जाऊन बाळूनेच ती आणली. त्यांनी दोनदा बजावलं, की ही पट्टी फक्त यांच्यासाठी, दुसऱ्या कुणाला लावायची नाही, पट्टीला ऊब द्यायची नाही, आणि सुस्ती जास्त वाटली तर लगेच फोन. मी या वेळी प्रत्येक शब्द वहीत लिहून घेतला आणि वाचून दाखवला.

अव्वाने पट्टीकडे बघितलं. "लेपच हाय म्हण की," म्हणाली आणि दंड पुढे केला.

पहिला दिवस विशेष फरक पडला नाही. दुसऱ्या रात्री ती झोपली. घोरलीसुद्धा. मी आणि बाळू दोन्ही बाजूंना बसून तिचं घोरणं ऐकत होतो आणि बाळू म्हणाला, "अक्का, हे आधी का न्हाय सुचलं गं आपल्याला?" तो मला बोल लावत नव्हता. पण मला ते उत्तर माहीत होतं. हे सुचायला डॉक्टर व्हायची गरज नव्हती. घरातल्या एकाचं डोकं तेवढं ताळ्यावर हवं होतं, आणि ज्या लेकीने विचारायला हवं होतं, ती आतल्या खोलीत पडदे ओढून पडली होती.

अशा तीन रात्री तिला मिळाल्या. चौथ्या दिवशी सकाळी, ऊन पायरीवर आल्यावर, ती गेली. माझा हात तिच्या हातात होता आणि मी शुद्धीत होते. शेवटची अंघोळ घालताना तिच्या दंडावर पट्टी दिसली. मी कोमट पाण्याने ओली करून हळूहळू सोडवली. तिला लागेल, असंच मला वाटत होतं.

आता

मला कुणी विचारलं तर मी सांगते. दुखायच्या आधी दुखण्याची गोळी खाऊ नका. जुन्या चिठ्ठीवर आणू नका, आणि आपली गोळी मायेने कुणाच्या हातावर ठेवू नका. नियम, व्रत, रोजा, जे काही पाळत असाल ते पहिल्या दिवशीच डॉक्टरांना सांगा. वही लिहा. माझं ऐकून दोघींनी वह्या घातल्यात. एकीने मला शिष्ट म्हटलं. म्हणू दे.

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मी अव्वाचं दुखणं कळल्यापासूनचे ते तीन महिने मोजते. तीन रात्रींच्या जागी तिला नव्वद मिळाल्या असत्या. यावर मला कुणी गोळी दिलेली नाही.

परवा मॅडमना वही दाखवली. महिन्याभरात तीन वेळा दुखलं होतं, तीन गोळ्या. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. तिथे वेळ लिहिली होती, संध्याकाळी साडेसात.

"दिवस मावळल्यावरची आहे ही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला चालतं का आता?"

"चालतं," मी म्हटलं. "माझ्या आईनं मागून ठेवलंय."